खेचराचे कान

मला लिहिण्याची सवय नाही. ताईबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं होतं. तसं कोणी पुढे आलं नाही, म्हणून हे माझ्या वाट्याला आलं.

ताई माझी थोरली बहीण. सरकारी टांकसाळीत नाण्यांचे नमुने घडवायची. आधी ताटाएवढ्या प्लास्टरच्या चकतीवर चित्र कोरायचं, मग यंत्र ते लहान करून पोलादी ठशावर उतरवतं. तिच्या केसांत, भुवयांत कायम ती पांढरी पूड असायची. आई म्हणायची, "ही लग्नाआधीच म्हातारी झाली."

आम्ही डोंगराकडच्या प्रांतातले. वडील खेचरांवर मीठ लादून घाट ओलांडायचे. पुढे राजधानीत राहायला आलो, तेव्हा शाळेत आमचं नावच पडलं, 'खेचरं'. मी मान खाली घालून घरी यायचो. ताई दप्तर गरागरा फिरवत यायची, आणि मागून कोणाची तरी आई तक्रार घेऊन यायची.

बऱ्याच वर्षांनी सरकारने प्रत्येक प्रांताचं स्मारक नाणं काढायचं ठरवलं. चिन्ह ज्याचं त्याने निवडायचं. कोणी गरुड निवडला, कोणी दीपगृह. आमच्या लोकांनी मतदान करून खेचर निवडलं. राजधानीत हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. ताईने ते काम मागून घेतलं.

तिचं खेचर मान ताठ, कान उभे असं होतं. टांकसाळीचे साहेब ते बघायला आले, तेव्हा मी तिचा डबा घेऊन दाराशी उभा होतो.

"बाई, कान कडेला टेकतायत. कड मोकळी हवी."

"खेचर थोडं लहान करते."

"मग दिसणार काय? कान आखूड करा, नाहीतर मान खाली घ्या."

"कान आखूड केले तर घोडा होईल. आणि मान खाली जाणार नाही."

"कोणाची, खेचराची की तुमची?"

"दोघांचीही."

"मग मी हे दुसऱ्या कारागिराला देतो. त्याला घोडे छान जमतात."

ताईने कोरणी उचलली आणि कान तासायला घेतले. वडिलांची खेचरं डोळ्यांसमोर आली. पण तिने ओलं प्लास्टर लावून तेच लांब कान मानेवर मागे पाडले. मान होती तशीच ताठ.

साहेब खूश झाले. "बघा, जमलं की. उगाच ताणत होतात."

"एक सांगून ठेवते, साहेब. खेचर असे कान पाडतं ते लाथ मारायच्या आधी."

साहेबांनी चष्मा काढला. "हे मला सांगायची काय गरज होती?"

"लपूनछपून करायचं नव्हतं."

"आणि लाथ कोणाला?"

"जो मागे उभा राहील त्याला."

साहेबांनी चष्मा परत लावला आणि चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"कड मोकळी आहे," एवढंच म्हणून त्यांनी चकती यंत्राकडे पाठवली.

ताई आता नाही. परवा दुकानात सुटे पैसे देताना तेच नाणं हातात आलं. माझ्या मागे रांगेत उभा असलेला गृहस्थ वाकून बघत म्हणाला, "काय आजोबा, नाण्यावर गाढव?"

दोघंतिघं हसले. मी जन्मात कोणाला उलटून बोललो नाही.

"खेचर आहे," मी म्हणालो. "कान बघा त्याचे. आणि जरा बाजूला उभे राहा."