हातांनी बोलणारा म्हातारा

आयर्लंडमध्ये डून लेरीला लेकाकडे आले की सकाळी मी समुद्रावरच्या बाकावर जाऊन बसते. तिथे एक स्कॉटिश म्हातारा यायचा. फोन समोर टेकवून त्यातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याशी नुसते हातवारे करायचा. नाकाला बोट, कोपराला चापट, की दोघं खो खो हसणार! मला आधी वेडाच वाटला हो. मग त्याच्या मुलीने सांगितलं, दोघं ग्लासगोला क्लाइड नदीकाठी जहाजं बांधायचे. हातोड्यांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून कामगार खुणांनी बोलायचे. त्या आवाजानेच पुढे दोघांचे कान गेले.

परवा त्याने फोन काढलाच नाही. मी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"गेला," तो मोठ्यांदा म्हणाला. "त्या खुणा येणारा शेवटचा. कामावरचं बोलणं घरी आणायचं नाही, अशी आमची रीत. पोरीला शिकवलंच नाही. आजवर मी बहिरा नव्हतो, बाई. आता झालो."

तेवढ्यात मुलगी त्याला न्यायला आली.

"बाबा, रडलात का?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला आणि हसून म्हणाला, "मजेत, मजेत."