सुर्वेकाकूंचा परवाना

सुर्वेकाकू दारूच्या दुकानात यायच्या त्या संध्याकाळी, देवापाशी दिवा लावून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून. आडोशाला उभं राहून दुसऱ्याकरवी मागवणं नाही. सरळ पुरुषांच्या रांगेत. जाळीपलीकडे मी, विकायला. दिंडोशीच्या आमच्याच इमारतीतल्या, लहानपणी मला आंबोळ्या खाऊ घातलेल्या बाईच्या हातात बाटली देताना माझी मान वर होत नसे.

पहिल्यांदा आल्या होत्या त्या विकत घ्यायला नव्हे. मुंबईत जन्म गेला तरी मालवणी सुटली नव्हती. दुकानाच्या शेठना म्हणाल्या, "हे इले तर तेंका दारू देऊ नकात. पाया पडतंय." शेठ भला माणूस. त्यांनी काकांना दारू देणं बंद केलं. काका भांडले, रडले, आणि आरेच्या जंगलात हातभट्टीवर जाऊ लागले. एकदा तिकडेच रस्त्याकडेला पडलेले सापडले. त्यानंतर काकू स्वतःच रांगेत लागल्या. "घराकडे बुचान मोजून दितंय. डोळ्यासमोर तरी रवतत," एवढंच मला म्हणाल्या.

शेठना तपासणीची धास्ती. दारू पिण्याचा एका दिवसाचा परवाना फाडल्याशिवाय बाटली बाहेर जात नसे. बाकीची गिऱ्हाइकं तोंडाला येईल ते नाव ठोकून देत. मी हळूच विचारलं, "काकू, काकांचं नाव टाकू?"

"तेंचा कित्याक? घेतंय मी, नाव माझा." आणि रांगेला ऐकू जाईल असं पूर्ण नाव सांगितलं. जिने आयुष्यात थेंब चाखला नाही, तिला मी पिण्याचा परवाना लिहून दिला. स्वतःच्या नोकरीची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

रांगेतला कुणीतरी दात काढून विचारी, "काय काकू, आज पार्टी काय?"

"होय तर. तुका बोलवूक नाय."

हशा पिकायचा. पण पिशवीतल्या मेथीच्या जुडीखाली बाटली सरकवताना त्यांचे कान लाल झालेले मला दिसत.

इमारतीत बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मी म्हटलं, "काकू, सांगून टाका ना खरं काय ते."

"काय सांगू? घोवाक मोजून दारू पाजतंय म्हणान?"

गेल्या वर्षी काका गेले. घरीच, अंथरुणात. मी पोचलो तेव्हा दाराबाहेर दोन बायका कुजबुजत होत्या, "बायकोच रांगेत उभी राहायची. दोघं मिळून ढोसत असणार." माझं टाळकं सरकलं. "काकूंनी कधी वाससुद्धा घेतला नाही!" मी ओरडलो. "ती बाटली तर काकां..."

काकू आतून उठून आल्या. माझा दंड घट्ट धरला.

"गप रव," त्या म्हणाल्या. "माझी लाज जावची ती गेली. आजच्या दिवसाक तेंची काढू नको."