पेन्सिलीची खूण

ही गोष्ट सांगायचं मी चौदा वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो. आता सत्तरी उलटली, तेव्हा सांगूनच टाकतो. झरीच्या आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांइतका रांगेचं वेड असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही. चारठाण्याला सहल गेली तेव्हा आम्ही देवळांचं कोरीव काम बघत होतो आणि सर बाहेर भाविकांच्या चपला मापाप्रमाणे ओळीनं लावत होते. त्या गडबडीत दोघं जण एकमेकांच्या चपला घालून आपापल्या गावी गेले. दुसरं वेड चुंबकांचं. लग्नात फाटका लाउडस्पीकर दिसला की सर पंगतीतून उठत आणि त्यातलं चुंबक काढून पिशवीत टाकत. ती पिशवी एसटीच्या खांबाला अशी चिकटायची, की उतरताना कंडक्टर आणि मी मिळून सोडवायचो. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, माझ्याजवळ गाऱ्हाणं मांडायच्या, "भाऊजी, माझी कात्री, सुया, समदं ह्यांच्याकडंच ओढलं जायलंय. स्टीलची भांडी तेवढी माझ्या बाजूनं हाईत!"

दोन्ही वेडं एका फरशीत एकत्र आली. अभ्रकाचे बारीक पापुद्रे घ्यायचे, ओढ्याच्या वाळूतून चुंबकानं वेचलेली काळी पूड त्यांना माखायची, पातळ मातीत कालवून सगळं प्लास्टरच्या साच्यात ओतायचं आणि माती ओली आहे तोवर शेजारी चुंबक फिरवायचं. ते फिरवायला वहिनींचं शिलाई मशीन. सर मला म्हणायचे, "ओलं हाय तोवर कण ऐकतात, चित्रकार. एकदा का वाळले, की आपल्या हेडमास्तरसारखे. हलायचे न्हाईत!" पापुद्रे आडवे, थरावर थर बसले की तडा सरळ आरपार जात नाही आणि फरशी जास्त वजन पेलते, असं त्यांचं म्हणणं. मी चित्रकलेचा शिक्षक, म्हणून साचे माझ्याकडे.

परभणीहून दोन परीक्षक येणार होते. त्यांना पटलं असतं तर सरांचं काम पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होतं. सारख्या दिसणाऱ्या दोन फरश्या केल्या, एक चुंबकाची, एक बिनचुंबकाची. "खूण खिळ्यानं कोरा बरं का," सर म्हणाले. पण ती गुळगुळीत फरशी मला खिळ्यानं ओरबाडवेना. चुंबकाच्या फरशीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं नाजूक कमळ काढलं आणि दोन्ही फरश्या भाजायला भट्टीत गेल्या.

भट्टी उघडली तर दोन्ही फरश्या कोऱ्या. कमळ जळून गेलं होतं. परीक्षक येऊन बसले होते. "खूण हाय ना?" सरांनी विचारलं. "आहे की," मी म्हणालो आणि अंदाजानं एकीवर खडूनं फुली मारली.

फरशी दोन बाकांवर आडवी ठेवून तिला पाण्याच्या बादल्या टांगायच्या, अशी परीक्षा होती. फुलीची फरशी अर्ध्या बादलीला मोडली. दुसरीनं दोन भरलेल्या बादल्या पेलल्या, तिसरीला मोडली. "सर, तुमची फरशी चुंबकाला भ्याली वाटतं!" एक परीक्षक म्हणाला आणि सगळी शाळा हसली. सरही हसले. मी तुकडे गोळा करायला वाकलो, तर दुसऱ्या फरशीच्या मोडक्या कडेला पापुद्रे जुन्या वहीच्या पानांसारखे थरावर थर बसलेले. फुलीच्या फरशीत नुसता गोंधळ. मी मान वर केली. सर वाकडे झालेले बाक सरळ करत होते. परीक्षकांची जीप अजून फाटकातच होती. मी तुकडा खिशात घातला.

त्या आठवड्यात सरांनी चुंबकं पोरांना वाटून टाकली. निवृत्तीनंतर ते चुडाव्याला गेले. एकदा तो तुकडा घेऊन मी त्यांच्याकडे गेलोही. सर म्हणाले, "खूण तुमच्या हातची होती, तिच्यावर शंका न्हाई. म्हणून म्हणलं, आपलंच डोस्कं चुकलं." मी पोहे खाल्ले. निघताना बघतो तर उंबऱ्याबाहेर माझ्या चपला जोडीनं, रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या. त्या घालून मी स्टेशनवर आलो.

गेल्या पोळ्याला सर गेले. तुकडा माझ्या टेबलावर आहे. त्या दिवशी उंबऱ्यात एवढंच म्हणायचं होतं: सर, तुमचे कण रांगेतच बसले होते. फुली मी चुकीच्या फरशीवर मारली. मला माफ करा.