थदडीच्या दिवशीचा विस्तव

तुमच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे ना? असेल तर तो कुणी टोचला, कुठे बसवून टोचला, हे घरातल्या मोठ्यांना एकदा विचारून बघा. विचारायचा अवकाश, एकातून एक गोष्टी निघत राहतात. माझ्याजवळच्या गोष्टी मी काही मुद्दाम जपल्या नाहीत, त्या आपोआप साठल्या. सिंधी निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर नाव पडून दोनेक वर्षं झाली होती. देवीची साथ आली आणि कॅम्प चारच्या बराकींपासून बदलापूरकडच्या वाड्यांपर्यंत दारोदार हिंडायला आमची तिघांची तुकडी निघाली. टोचणारे साळवी, नर्स सिस्टर मोनिका आणि मी. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे.

*

साळवी देवीचे मोठे भक्त. रोज सकाळी टोचायच्या पेटीला हळदकुंकू वाहायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. म्हणायचे, "आईला विचारल्याशिवाय तिच्या लेकरांना हात लावायचा नाही!"

सिस्टरही क्रॉसची खूण करायच्या, पण त्यांचं पटकन उरकायचं. एकदा साळवींचे डोळे काही केल्या उघडेनात. सिस्टर म्हणाल्या, "माझा देव कधीच हो म्हणाला. तुमच्या आईचं काय?"

साळवी डोळे मिटूनच म्हणाले, "आई म्हणते, आज पेटी सिस्टरनी उचलायची!"

*

बदलापूरच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत आम्ही पोचलो, तर सगळी माणसं पोरं घेऊन रानात पळालेली. एकटा म्हातारा भगत देवीच्या शेंदरी दगडापाशी बसून होता. साळवी समजावून थकले. तो मान वर करीना.

सिस्टरनी कोपऱ्यातला खराटा घेतला आणि दगडाभोवतीचा पाचोळा झाडायला लागल्या.

भगताने मान वर केली. मग म्हणाला, "बाय, तुजा देव येगला हाय नं?"

"हो."

"मंग ह्यो केर का काढतंस?"

"केर सगळीकडे सारखाच असतो, बाबा."

भगताने बाही वर केली. त्याला टोचून झाल्यावर त्याने रानाकडे तोंड करून हाक मारली. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या वाडीची नावं लिहीत होते.

*

कॅम्पच्या कडेला, अंबरनाथच्या रस्त्यावर इस्माईलचाचांची पावाची भट्टी होती. ते मूळचे आपल्या कोकणातलेच. साथ आल्यावर कुणीतरी उठवलं की रोग चाचांच्या पावातून येतो. आम्ही गेलो तेव्हा टोपल्या भरलेल्या होत्या आणि गिऱ्हाईक एक नव्हतं. चाचांनी दोन्ही बाह्या वर केल्या.

साळवी म्हणाले, "चाचा, एक दंड पुरे."

"एक माझ्यासाठी, बाबा. दुसरा लोकांसाठी!"

साळवींनी दोन्ही दंडांना टोचलं.

*

सिंधी लोकांचं टिकाणं, म्हणजे ग्रंथसाहेब ठेवलेलं त्यांचं मंदिर, बराकीच्या एका खोलीत होतं. पाठ संपल्यावर तिथल्या भाईसाहेबांनी जाहीर केलं, "टीका बाएँ हाथ पे, प्रसाद दाएँ हाथ में. दोनों लिए बिना कोई उठेगा नहीं!"

माणसं हसली आणि रांग लागली. बराकीतली एक म्हातारी, रुकीअम्मा, तेवढी नातीला पदराखाली घेऊन उठली आणि प्रसाद न घेताच निघून गेली. असं तिने पहिल्यांदाच केलं, असं भाईसाहेब म्हणाले.

*

त्यानंतर रुकीअम्माच्या दारात मी चारदा गेले. गोणपाटाचा पडदा सारून ती मला आत घ्यायची. पापड आणि गार पाणी दिल्याशिवाय सोडायची नाही. पण पाच वर्षांच्या लाजूला पुढे करायची नाही.

म्हणायची, "बेटी, सिंध छूटा, घर छूटा. बस, माता साथ आयी. उसको सुई दिखाऊँ?"

तिचा नवरा तिकडे दुकान बंद करून येतो म्हणून गेला, तो परतलाच नाही. इकडे आल्यापासून ती कुठल्याच मुसलमानाच्या दाराची पायरी चढली नव्हती. पाव आणायला लाजूला बराकीतल्या दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायची, स्वतः रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची.

एकदा आपणहून म्हणाली, "इस्माईल ने क्या किया? कुछ नहीं किया. फिर भी पाँव नहीं उठता."

*

श्रावणात सिंधी लोकांची थदडी येते. आपल्याकडे शीतला सप्तमीला काही घरांत शिळं खातात, तसंच. देवीचा दाह शांत व्हावा म्हणून आदल्या दिवशी चूल पाण्याने विझवायची आणि दिवसभर विस्तव पेटवायचा नाही.

नेमक्या त्या सकाळी रुकीअम्माच्या शेजारचा मुलगा फणफणला आणि त्याच्या अंगावर फोड दिसले. आदल्या दिवशी लाजू त्याच्याच ताटात जेवली होती.

आम्ही बराकीत पोचलो, तर रुकीअम्मा लाजूला घेऊन पायरीवर उभी. म्हणाली, "टोच दो."

साळवींनी पेटी उघडली. वाटेत चिखलात पाय घसरला, तेव्हा दिव्यात घालायच्या स्पिरिटची बाटली फुटली होती. आता सुई उकळायची कशावर? बराकीतली एकही चूल पेटणार नव्हती. साळवी स्वतः देवीचे भक्त, त्यांच्या तोंडून 'चूल पेटवा' निघेना.

"उद्या सकाळी पहिली हीच," ते हळूच म्हणाले.

सिस्टर म्हणाल्या, "आज टोचलं तर आशा आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही."

सगळ्या बराकींवर नुसतं आभाळ होतं. रस्त्याच्या कडेला एकाच ठिकाणी धूर निघत होता. रुकीअम्मा त्या धुराकडे बघत राहिली. मग तिने लाजूला कडेवर घेतलं आणि चालू लागली. आम्ही तिघे मागून गेलो.

भट्टीच्या पायरीशी ती थांबली. एक हात चौकटीला लावून वर चढली.

सुई उकळायची आहे, असं साळवींनी सांगताच चाचा उठले. आतून पातेलं आणलं, पाणी भरून भट्टीच्या तोंडाशी ठेवलं. मग चाचरत म्हणाले, "पतेला नया है, अम्मा."

"मैंने पूछा?" रुकीअम्मा म्हणाली.

पाणी उकळलं. लाजूला मैद्याच्या पोत्यावर बसवून साळवींनी टोचलं. ती रडली तेव्हा चाचांनी तिच्या हातात एक गोड बटर दिलं. रुकीअम्मा डोळे मिटून ओठ हलवत होती. चाचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बराकीत चुली पेटवायच्या वेळी रुकीअम्मा खापरात निखारे घेऊन आली. ते इस्माईलचाचांच्या भट्टीतले होते.