डोळे शेवटी

देवयानीबाई मूळच्या पेणच्या. वडील गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी डोळे, आणि ते आखताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. लग्न होऊन दिल्लीला, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन बाईंना तेहतीस वर्षं झाली. हातात ब्रशाऐवजी सुई आली, पण नियम तोच राहिला.

ओखल्याला दरवर्षी कार्टून-कॉमिक्सवेड्यांचा मेळावा भरतो. पोरंपोरी आपापल्या आवडत्या पात्राचा वेष करून येतात. बाई फोटोवरून त्यांच्याच वेषातली वीतभर कापडी बाहुली शिवून आणतात, डोळ्यांशिवाय. ज्याची बाहुली त्याला समोरच्या स्टुलावर बसवायचं, त्याच्या डोळ्यांत बघत टाके घालायचे.

"एकेका बाहुलीला दहा मिनिटं, आई," पूर्वी नावाची त्यांची सून म्हणाली. ती गुडगावला नोकरी करते, यंदा सुट्टी म्हणून स्टॉलवर मदतीला आली होती. "रांग बघा ना यार."

"थांबतील."

"ती निळ्या केसांची बाहुली थांबली ना मागच्या वर्षी. न्यायलाच कुणी आलं नाही. वर्षभर डब्यात आंधळी. म्हणून काल मीच घातले तिचे डोळे."

बाईंनी डबा उघडला. तपकिरी दोरा, टाके सुबक. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक. हा डोळा रोज सकाळी चहाच्या कपावरून त्यांच्याकडे बघायचा.

"कुणाकडे बघून घातलेस?"

"आरशात बघून. घरात दुसरं होतं कोण?"

बाई काही बोलणार, तोच निळ्या केसांचा टोप घातलेली एक मुलगी पुढे आली. नाकातोंडावर काळं फडकं.

"आंटी, मेरी गुड़िया? पिछले साल बीमार पड़ गई थी."

तिने बाहुली हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि परत ठेवली.

"ये मुझे नहीं देख रही," तिने पूर्वीकडे बोट केलं. "इनको देख रही है."

पूर्वी हसली. "उसवा हो आई, आणि घाला परत. पाच मिनिटांचं काम."

बाईंनी कात्रीचं टोक डाव्या डोळ्याखाली सरकवलं. दोन टाके तुटले.

"आई, या बाजूचे दिवे गेले का?"

बाईंनी मान वर केली. हॉलमधले सगळे दिवे लख्ख होते. पूर्वी तळहाताने डावा डोळा चोळत होती.

"चहावाला इथेच होता ना? काहीच दिसत नाहीये इकडचं."

"बस इथे. माझ्याकडे बघ."

"अहो, पण..."

"बोलू नकोस."

त्याच रंगाचा दोरा, त्याच छिद्रांतून. तेहतीस वर्षांत बाईंच्या बोटात पहिल्यांदा सुई घुसली. दुसरा टाका ओढून गाठ मारली, तशी पूर्वीने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"आले दिवे. वायर ढिली असणार."

बाई त्या मुलीकडे वळल्या. "ये तुम्हारी नहीं है, बेटा. नई बना दूँगी."

मुलीला जणू हे आधीच माहीत होतं. "ठीक है आंटी. बस, इसको अँधेरे में मत रखना."

तेव्हापासून बाहुली बाहेरच्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर बसते, तोंड उजेडाकडे. कठड्यावर का, हे बाईंनी पूर्वीला सांगितलेलं नाही.

मंगळवारी भरदुपारी ऑफिसातून तिचा फोन आला. बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या.

"आई, वेड्यासारखं वाटेल," पूर्वीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी मीटिंगमध्ये आहे. पण मला समोर माकड दिसतंय. गजातून हात आत घालतंय."

बाईंनी फोन पिठातच टाकला आणि लाटण्यासकट त्या खिडकीकडे धावल्या.