काकूंचा चांगला शब्द

"हिला वाण नको देऊस गं. हिचं घर व्हायचंय अजून. झालं की देऊ."

काकू हे हसत हसतच म्हणाल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं त्यांच्याकडे, बदलापूरला. हॉल बायकांनी भरलेला. समोरच्या फ्लॅटमधली एक मुलगी वाण वाटत होती, स्टीलच्या चाळण्या. माझ्यासमोर आली तेव्हा चाळणी तिच्या हातात होती. काकू बोलल्या आणि चाळणी परत पिशवीत गेली. माझ्या हातात ट्रे होता, दुधाच्या उष्ट्या ग्लासांचा.

मग काकूंनी सगळ्यांना सांगितलं, "ही आमचीच हो. मीच शिकवली हिला. आता चिखलोलीला फ्लॅट घेतेय, बोला! आणि बँकवाले काय म्हणतात, आधी काकूंना फोन करणार. माझ्या एका शब्दावर अडलंय हिचं घर."

बायका हसल्या. वाईट मनाने नाही. एक जण म्हणाली, "मग खूश ठेव बाई काकूंना."

मीसुद्धा हसले. तेच अजून टोचतं. आत जाऊन सगळे ग्लास घासले, पुसले, कपाटात लावले आणि रिक्षा करून अंबरनाथला घरी आले. दुसऱ्या दिवशी माझी फर्स्ट शिफ्ट होती.

मी एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. लाइन सांभाळते. पर्मनंट आहे, पगार बँकेत येतो. नवरा टेम्पो चालवतो, त्याचं सगळं रोखीत, त्यामुळे कर्ज माझ्या नावावर. घर म्हणजे वन रूम किचन. चौथा मजला, खिडकीतून डोंगर दिसतो. माझी पोरगी पहिल्यांदा तिथे गेली तर खिडकीपासून हटेना. म्हणाली, माझं टेबल इथे. तेव्हापासून ते टेबल आमच्या बोलण्यात आहे. घर नाही, टेबल नाही, पण ते कोपऱ्यात ठेवायचं की खिडकीत, यावर बापलेकीची भांडणं रोज.

कर्जाचा अर्ज भरला तेव्हा दोन ओळखीची माणसं लिहायची होती. नात्यातली चालत नाहीत. बँक त्यांना फोन करून विचारते. आमचा लोन एजंट उल्हासनगरचा, मनोज. पोरगा गोड बोलतो, अर्धं हिंदी अर्धं मराठी. तो म्हणाला, "दीदी, एक तो आपके सुपरवायझर. दुसरा कोणीतरी भारी माणूस टाका. फ्लॅटवाला, जुना. तुमच्या वाडीवरचा वगैरे मत डालो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पटलंच. आम्ही ठाकर. आमची वाडी बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. वाडीतल्या माणसाला स्वतःचं नाव कधी पुरलेलं नाही. रेशनकार्ड पाहिजे, तर कोणी पाटील सोबत न्यायचा. दवाखान्यात जायचं, तर मास्तरांची चिठ्ठी. पाचवीला माझं शाळेत नाव लागलं तेही काकूंच्या शब्दावर. तेव्हा बँक एवढं मोठं कर्ज देणार, तर कोणीतरी मोठं माणूस पाठीशी नको का? मी काकूंचं नाव सांगून टाकलं. विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "दे की. मी चांगलंच सांगेन. पण येत जा अधूनमधून. विसरून गेलीस आम्हाला."

येत जा म्हणजे काय ते मला कळलं. आधीही कळत होतं.

पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्यांच्याकडे होते. शिकायला ठेवली होती. आमच्याकडे तसं करतात, म्हणजे करायचे. वाडीजवळ शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर गावात कोणाच्या तरी घरी राहायचं आणि घरातली कामं करायची. मागची गॅलरी माझी. एका बाजूला वॉशिंग मशीन, एका बाजूला मी. सकाळी पाणी भरायचं, भांडी, मग शाळा. शाळेतून आलं की केर, कपडे, मग अभ्यास. मारलं नाही कधी काकूंनी, खोटं कशाला बोलू. जेवण पोटभर दिलं. फक्त ते दिलेलं दिवसातून दोनदा बोलून दाखवलं.

दहावीला मी पास झाले. आई वाडीवरून आली, शेवळांच्या रानभाजीच्या जुड्या घेऊन. पहाटेच निघाली होती. काकूंनी तिला जिन्यात बसवलं आणि सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. "मी शिकवली," प्रत्येक दारात तेच. जिन्यातून येणारे जाणारे आईला वळसा घालून जात होते. आईने काकूंना हात जोडले. म्हणाली, "बाय, तुमचं लय उपकार. माजी पोर माणसात आणलीत."

मला तेव्हा आईचा राग आला होता. काकूंचा यायला हवा होता. तो यायला इतकी वर्षं लागली.

फाइल गेली आणि वाट बघणं सुरू झालं. ज्यांनी कधी कर्जाची वाट बघितली नाही, त्यांना वाटेल त्यात काय, आपलं काम करत राहायचं. राहवत नाही हो. फोन लाइनवर नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत मी चहा सोडून लॉकरकडे पळायची. मेसेज तोच, 'प्रक्रिया सुरू आहे'. लॉटरीच्या जाहिरातीचा मेसेज आला तरी मी फोनवर झडप घालायची. नवरा संध्याकाळी घरात शिरला की तोंडाने काही विचारायचा नाही, नुसती भुवई वर. मी मान हलवायची. तो आंघोळीला जायचा. बिल्डरच्या ऑफिसातून फोन यायचे. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आम्ही किती थांबणार, लवकर करा ताई. जसं काही माझ्याच हातात आहे.

आणि काकू. बँकेचा फोन काही येईना, आणि तो येईपर्यंत मी त्यांची. पहिली पाळी सुटली की रिक्षा पकडून बदलापूरला. आधी हळदीकुंकवाची तयारी. मग डाळी निवडायच्या. मग पडद्याचं कापड आणायला उल्हासनगरला न्यायचं, दहा दुकानं फिरायची, पिशव्या माझ्याकडे. दुकानदाराने विचारलं, "मुलगी का?" काकू म्हणाल्या, "नाही हो. कामाला ठेवलेली आहे." मी चौतीस वर्षांची. कंपनीत माझ्या हाताखाली पोरी आहेत.

सुमन माझ्या शेजारच्या लाइनवर असते. बरीच वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. ती म्हणाली, "काय गं, तोंड उतरलंय. दुसरी पाळी कुठे करतेस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "वेडी आहेस का? फोनवर हो म्हणायला एवढी वेठ?" मी म्हटलं, "थोडे दिवस. एकदा फोन होऊ दे." तिने डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवलं.

मी थकले होते. खरंच थकले होते. पाय दुखतात त्याचं काही नाही, ते दुखतातच. पण परत गॅलरीतली पोर झाल्यासारखं वाटत होतं. काकूंच्या घराची बेल वाजवताना हात आपोआप ओढणीला पुसला जायचा.

आणि मग तो फोन आला. काकूंचा मुलगा परदेशातून यायचा होता म्हणून घर झाडायला काढलं होतं. मी हॉलमध्ये स्टुलावर चढून पंखा पुसत होते. एक पातं झालं होतं. काकूंना ऐकायला कमी येतं, त्या फोन स्पीकरवर ठेवतात. बँकेतली मुलगी बोलत होती. माझं नाव घेतलं, संपूर्ण, आडनावासकट. त्या घरात माझं आडनाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मॅडम, तुम्ही यांना ओळखता का?"

काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बघ आता, अशा थाटात.

"ओळखते म्हणजे काय? माझ्याच घरात वाढली. गॅलरीत झोपायची. आई हिची डोंगरातून मोळ्या आणायची. अहो, ह्या लोकांना घर म्हणजे काय ते ठाऊक नसतं. पण ही तशी नाही. हिला मी वळण लावलंय. द्या तुम्ही कर्ज. माझ्या शब्दावर द्या. आणि हप्ता चुकलाच कधी, तर मला कळवा. मी बघते तिच्याकडे. आत्तासुद्धा इथेच आहे, पंखा पुसतेय."

ती मुलगी जरा गोंधळली. म्हणाली, "तसं नाही मॅडम, शब्द वगैरे आम्ही घेत नाही. फक्त ओळख आणि पत्ता विचारतो. कोणीही चालतं, शेजारी, कामावरचे."

कोणीही चालतं.

मी स्टुलावर उभी होते, हातात ओलं फडकं. त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. इतक्या फेऱ्या, त्या डाळी, ते पडदे, ते ग्लास. कोणीही चाललं असतं. बँकेला मोठं माणूस नकोच होतं. ते मला हवं होतं. माझं नाव एकटं पुरेल असं मला वाटलंच नव्हतं, कारण या घरात मला ते कोणी वाटू दिलं नव्हतं.

काकू बोलतच होत्या. मुलगा कधी येणार तेही सांगत होत्या बँकेला. मी खाली उतरले. फोन टीपॉयवर होता, मी वाकून त्यात बोलले.

"मॅडम, अर्ज माझा आहे. मी स्वतः बोलतेय. ह्यांचं नाव काढून टाका."

"पण त्यांनी चांगलंच सांगितलंय. अडचण काही नाही."

"हो. तरी नको. माझ्यासोबत काम करते तिचं नाव देते. सुमन."

"मग मॅडम फाइल परत मागे जाईल. सगळं पुन्हा तपासावं लागेल. वेळ लागेल."

डोळ्यांसमोर पोरीचं टेबल आलं, खरं सांगते. वाटलं, गप्प बस. झालंय काम. हिने हो म्हटलंय.

"जाऊ दे मागे," मी म्हटलं. सुमनचा नंबर सांगितला. तोंडपाठ होता.

फोन बंद झाला. काकू माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. "अगं, मी चांगलंच बोलले ना तुझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "तुमचं चांगलं मला पुरलं, काकू. गॅलरीचं भाडं मी सहा वर्षं भांडी घासून फेडलंय. मला तुम्ही शिकवलं नाही. मी शिकले. आणि माझ्या आईला तुम्ही जिन्यात बसवलं होतं."

आवाज चढला नव्हता. फडकं बादलीत टाकलं, चपला घातल्या. मागून काकू म्हणाल्या, "माजलीस." मी दार ओढून घेतलं.

घरी कोणी आरती ओवाळली नाही. मनोजने कपाळावर हात मारला, "दीदी, ये क्या कर दिया? फोन तो हो गया था ना?" नवरा तर पेटलाच. "एवढे दिवस कळ काढलीस, अजून दोन मिनिटं नाही काढवली? तिने हो म्हटलं होतं. घर गेलं तर? तुझा मान घेऊन राहायचं का रस्त्यावर?" त्याचंही चुकलं नव्हतं. भात लावला, वाढला.

त्या रात्री पोरीला मी गॅलरीचं सांगितलं. आजवर नव्हतं सांगितलं. तिला एवढंच माहीत होतं की आई बदलापूरच्या चांगल्या शाळेत शिकली. तिने विचारलं, "आजी जिन्यात किती वेळ बसली होती?" मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत." नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोपला नव्हता. तसाच म्हणाला, "मला का नाही कधी सांगितलंस?"

बँकेचा सुमनला फोन आला. तिने स्पीकरवर नाही ठेवला. गेटबाहेर, चहाच्या टपरीपाशी उभी राहून बोलली. विचारलं तेवढंच सांगितलं. हो, ओळखते. कंपनीत सोबत काम करते. पत्ता हाच. फोन ठेवला आणि चहा मागवला. मी तिचं काही काम केलं नाही. चहाचे पैसेसुद्धा तिनेच दिले.

काल काकूंचा फोन आला. आवाज मऊ होता. "पंखा तसाच राहिलाय बघ. दोन पाती काळी आणि एक स्वच्छ, कसं दिसतं ते. मुलगा परवा येतोय. ये आणि करून जा. मी बँकेला परत फोन करते, सांगते पोरीचं चुकलं म्हणून. अजून वेळ गेली नाही."

त्याच्या आधी, सुट्टी सुरू होताच, बिल्डरकडून फोन येऊन गेला होता. या आठवड्यात मंजुरी नाही आली, तर फ्लॅट दुसऱ्याला. मी लॉकरपाशी उभी होते. चहाची सुट्टी संपत आली होती. मेसेज उघडून बघितला. प्रक्रिया सुरू आहे.

"नाही काकू," मी म्हटलं. "पंखा तुम्ही पुसा."

आज हे सांगतेय तेव्हासुद्धा मंजुरी आलेली नाही. येईल की नाही, माहीत नाही. हा फ्लॅट गेला तर दुसरा बघेन, चिखलोलीला नाही तर वांगणीला, अजून लांब. पुन्हा अर्ज भरेन. पुन्हा ओळखीच्या माणसांची नावं विचारतील. सुमनचं लिहीन. सुमन नसली तर लाइनवरच्या दुसऱ्या कोणाचं. वाडीवरच्या माणसाचं लिहीन, बघू कोण नाही म्हणतं. माझ्या घराच्या दारातून माझी आई सरळ आत येईल आणि खुर्चीवर बसेल. ते घर कोणाच्या मेहेरबानीचं असेल, तर ते मला नको. अजून दहा वर्षं भाड्याने राहावं लागलं तरी चालेल. त्या गॅलरीत मी परत झोपणार नाही.