खालचे सूर

अंगणभर पसरलेल्या मिरच्यांचा लालभडक सडा, हवेत घशाला झोंबणारा तिखट धुरळा, आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली माझी थोरली बहीण, जिजी... तिच्या दोन्ही तळव्यांत धरलेली सहाकोनी पेटी, मधला चामड्याचा भाता सावकाश उलगडतो आहे, मिटतो आहे. पेटीची डावी बाजू तिनं छातीच्या हाडावर घट्ट टेकवली आहे आणि डोळे मिटून ती स्वतःशीच हसते आहे. कोरीट गावातलं बालपण आठवायला बसले की आधी हेच दिसतं.

जिजीला ऐकू येत नसे. ती दोन वर्षांची असताना आलेल्या तापात तिचे कान गेले, आणि बोलणं मग कधी आलंच नाही. आम्ही तिच्याशी हातांनी, भुवयांनी, चेहऱ्यानं बोलत असू.

पेटी नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, खांडबाऱ्याच्या बाजारातून आणली. गेले होते बैल बघायला. पण भंगारवाल्याच्या पथारीवर, गंजलेल्या कुलपांच्या नि कंदिलांच्या ढिगात त्यांना ही दिसली. दोन्ही टोकांना काळ्या लाकडाची नाजूक नक्षी, तिच्यातून डोकावणारी हाडाची पिवळट बटणं, आणि जुन्या चामड्याचा, पितळेचा, कुणा परक्या घराचा वास. ही वस्तू काय, हे ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. एकच बटण दाबून भाता ओढला की एक सूर निघे आणि लोटला की दुसराच – त्याचं आम्हा भावंडांना कोण नवल! दम लागल्यासारखा आवाज करते म्हणून नानांनी तिचं नाव ‘धापती पेटी’ ठेवलं.

त्याच संध्याकाळी नाना तिच्याशी खटपट करत बसले असताना जिजी जवळ आली, पेटीच्या कडेवर बोटं ठेवली आणि दचकली. मग तिनं पेटी ओढून छातीला लावली. नानांनी डावीकडचं शेवटचं बटण दाबून भाता ओढला – जाड, घुमणारा, विहिरीतून आल्यासारखा सूर – आणि जिजी तोंड भरून, आवाज करून हसली.

‘‘दखा, दखा! पोर हासी ऱ्हायनी!’’ माय चुलीपुढून धावत आली.

‘‘आजपाईन हाई पेटी तिनी शे,’’ नाना म्हणाले. ‘‘कोनी हात लावानं नई.’’

त्यानंतर कित्येक वर्षं तो गंभीर घुमारा आमच्या घराच्या दुपारींत मिसळून गेला होता. जिजी कधी उजवीकडची बारीक बटणं दाबत नसे. डावीकडची, खालच्या जाड सुरांचीच; ती तिला हाडांतून ऐकू येत.

पुढे भात्याला चिरा पडल्या. नानांनी सायकलच्या दुकानातून रबराची ठिगळं लावून आणली. उन्हाळ्यात ठिगळांचं सोल्युशन पाघळलं, घड्या एकमेकींना चिकटल्या आणि एक दिवस भाता उभा फाटला. ‘‘सुधारी लिसूत,’’ दुरुस्त करून घेऊ, म्हणत नानांनी ती गोणपाटात गुंडाळून धान्याच्या खोलीत ठेवली... आणि नाना गेले. जिजी काही दिवस त्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवत राहिली. मग तेही थांबलं.

जिजी आता साठीला आली आहे. ती कोरीटलाच भाऊकडे राहते. मी नंदुरबारला शाळेत शिकवते. मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत, उरलेली दृष्टीही हळूहळू जाईल. जी आयुष्यभर डोळ्यांनीच ऐकत आली, तिचे डोळे! परतताना एसटीत मला एकाएकी ती पेटी आठवली.

भाऊनं ती शोधून दिली. मोबाइलवर चित्रं ताडून पाहिली – सहा बाजू, हाडाची बटणं, ओढताना एक नि लोटताना दुसरा सूर – आणि पन्नास वर्षांनी तिचं नाव कळलं: कन्सर्टिना. विलायतेची, बहुधा आमच्या घराहूनही जुनी. नंदुरबारात हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या युसूफचाचांकडे घेऊन गेले. त्यांनीही अशी पेटी कधी उघडली नव्हती. ‘‘पाहतो, ताई. आत सूर, म्हणजे वाजणाऱ्या पत्र्याच्या जिभा, तर आपल्या हार्मोनियमसारखेच दिसतात,’’ एवढंच म्हणाले.

त्यांनी पुठ्ठ्याच्या घड्या कापून त्यावर शेळीचं पातळ कातडं चढवलं, नवा भाता केला. उजवी बाजू सुरेल बोलू लागली. पण धान्याच्या खोलीत पेटी इतकी वर्षं डाव्या अंगावर पडून होती. जमिनीची ओल तिथेच भिनली होती.

‘‘खालचे सूर गेले, ताई. बोट लावलं की गंजाचा भुगा पडतो.’’

‘‘हार्मोनियमचे बसवता येतील ना?’’

‘‘बसवून पाहिले. खालच्या सुराची जीभ लांब असते, या खोबणीत मावत नाही. वरचे, बारीक आवाजाचे बसतील. बसवू?’’

मी ‘बसवा’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

कोरीटला भाऊनं आधी वाजवून पाहिली. इतका गोड, पाखरासारखा आवाज की वहिनीनं टाळ्या वाजवल्या. जिजीनं पेटीवरून हात फिरवला आणि ओळखली! डावी बाजू छातीला लावून, डोळे मिटून तिनं शेवटचं बटण दाबलं, भाता ओढला. स्वच्छ, बारीक सूर निघाला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. जिजी वाट पाहत राहिली. दुसरं बटण. तिसरं. पेटी तिनं गळ्याला लावली, हनुवटीला लावली, कपाळाच्या हाडाला लावली... मग डोळे उघडले, अगदी जवळ येऊन माझा चेहरा निरखला, आणि हसली.

अजूनही मी गेले की ती पेटी काढते, भाता ओढते, माझ्याकडे पाहते. मी हसते, मागोमाग तीही हसते. आम्ही दोघी एकमेकींना कधीच काही कळू देत नाही.

गेल्या खेपेस मी दाराच्या उजेडाकडे पाठ करून बसले होते. जिजी पेटी ओढत होती, लोटत होती, आणि माझ्या अंधारलेल्या चेहऱ्यावर तिचे डोळे नुसतेच चाचपडत होते... हसायचं केव्हा, ते तिला कळेना.